ही शेल उघडली कोणी?

टर्मिनल उघडलं की टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) आपोआप सुरू झालं पाहिजे असं लिनक्सवर रोज काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, आणि त्यात गैर काहीच नाही. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, सर्व्हरवर गेलो, तासभर चालणारी कमांड लावली आणि मधेच वायफाय गेलं, किंवा गावाकडे बसलोय आणि लाइट गेली, तर कनेक्शन तुटतं आणि कमांडही त्याच्याबरोबर मरते. टीमक्सच्या आत लावलेली असेल तर ती तिकडे सर्व्हरवर चालू राहते, लाइट आली की परत जोडून घ्यायचं, जिथे होतो तिथेच. जीएनयू स्क्रीन हेच काम 1987 पासून करतंय, निकोलस मॅरियटचं टीमक्स 2007 मध्ये आलं आणि आता बहुतेक लोक तेच वापरतात. पण दर वेळी लॉगिन झाल्यावर आठवणीने टीमक्स टाइप करावं लागतं, आणि जी कमांड वाचवायची असते नेमकी त्याच वेळी ते टाइप करायचं राहतं. मग माणूस होम फोल्डरमधली डॉट बॅशआरसी उघडतो, म्हणजे बॅश ही शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना वाचते ती फाइल, आणि त्यात एक ओळ टाकतो, आधीच टीमक्सच्या आत नसलो तर एक्झेक टीमक्स. विंडो उघडून बघतो, खाली ती हिरवी पट्टी दिसते, खूश होतो.

आणि मग काही दिवसांनी भलतंच काहीतरी बंद पडतं.

कुठला तरी बॅकअप थांबतो, फाइल कॉपी होत नाहीत, एडिटर उघडायला वेळ लागतो, लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड बरोबर टाकला तरी परत लॉगिन स्क्रीनच येते. यातल्या एकाही एररमध्ये बहुतेक वेळा टीमक्सचं नाव नसतं, बॅशआरसीचंही नसतं. मला या विषयावर लिहायचंय ते याच कारणासाठी. शेलच्या स्टार्टअप फाइलमधला बिघाड जिथे असतो तिथे दिसत नाही, आणि तो शोधायचा एकच रस्ता मला तरी माहीत आहे, तो म्हणजे प्रत्येक वेळी विचारायचं की ही शेल आत्ता उघडली कोणी, आणि ज्याने कोणी उघडली त्याच्यासमोर स्क्रीन आहे का.

आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाचा सकाळी फोन आला. "ताई, रात्रीचा बॅकअप परवापासून बंद आहे आणि मी स्क्रिप्टला हातसुद्धा लावलेला नाही." खरंच लावलेला नव्हता, स्क्रिप्ट जशीच्या तशी होती. मी म्हटलं एरर वाच. बॅकअपच्या फाइल कॉपी करणारा प्रोग्राम आरसिंक म्हणत होतं, प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युवर शेल क्लीन? त्याने साहजिकच पहिला अर्धा भाग पकडला होता आणि दोन्हीकडच्या आरसिंकची व्हर्जन जुळवण्यात रात्र घालवली होती. खरी माहिती दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, तुझी शेल स्वच्छ आहे ना असं तो प्रोग्राम सरळ विचारतोय. मी आजवर वाचलेल्या एररमधला हा सगळ्यात प्रामाणिक एरर आहे, फक्त तो कोणाला उद्देशून आहे हे आधी माहीत असावं लागतं.

होतं काय, की आरसिंक एसएसएचवरून पलीकडच्या मशीनवर जातं तेव्हा तिकडे आधी तुमची शेल उघडते, आणि ती शेल पलीकडचं आरसिंक चालू करते. दोन आरसिंक एकमेकांशी बोलायला लागतात, पहिली गोष्ट सांगतात ती आपलं प्रोटोकॉल व्हर्जन, चार बाइटमध्ये. पण मधल्या शेलने बॅशआरसी वाचताना काही छापलं असेल तर ते चार बाइट त्या छापलेल्या मजकुराचे निघतात. या मुलाने टीमक्सच्या ओळीच्या वर एक स्वागताची ओळ टाकली होती, आधी वेलकम आणि मग सर्व्हरचं नाव वगैरे, कारण त्याच्याकडे सहा-सात सर्व्हर आहेत आणि आपण नेमके कुठे आहोत ते कळावं अशी त्याची इच्छा. अगदी समजण्यासारखी इच्छा. तीच ओळ आरसिंकला व्हर्जन नंबर म्हणून मिळत होती.

हे त्याला पटावं म्हणून मी त्याला त्याच सर्व्हरवर एसएफटीपी (एसएसएचवरून फाइल पाठवायची पद्धत) करायला सांगितलं, कारण तिथे हाच प्रकार डोळ्यांना दिसतो. उत्तर आलं, रिसीव्ड मेसेज टू लाँग 1466264675. हा आकडा बघून लोक घाबरतात, मेमरी संपली की काय, डिस्कचं काही झालं की काय. पण तो आकडा उलगडता येतो. एसएफटीपीमध्ये प्रत्येक मेसेजच्या आधी चार बाइट त्याची लांबी सांगतात. वेलकम हा शब्द इंग्रजीत लिहिला तर त्याच्या पहिल्या चार अक्षरांचे आस्की कोड होतात 87, 101, 108 आणि 99. हे चार बाइट शेजारी शेजारी ठेवून एकच मोठी संख्या म्हणून वाचले की बरोबर 1466264675 येते. म्हणजे एसएफटीपीला वाटलं की आता जवळजवळ दीड जीबीचा एक मेसेज येतोय, ओपनएसएसएचची एका मेसेजची मर्यादा 256 केबी आहे, त्यामुळे त्याने तिथेच हात टेकले. त्या मुलाने कॅल्क्युलेटर काढून हे गणित स्वतः केलं आणि फोनवर नुसता "अरे बापरे" एवढंच म्हणाला. त्या आकड्यात त्याच्याच हाताने लिहिलेलं स्वागत होतं. नवीन ओपनएसएसएच आता त्या एररच्या खाली एक ओळ जास्तीची देतं, की रिमोट शेल नॉन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे समोर माणूस नसलेल्या, सेशनमध्ये काही छापत नाही याची खात्री करा. फार बरं झालं ते. आणि 2022 च्या 9.0 व्हर्जनपासून फाइल कॉपी करणारी एससीपी ही कमांडसुद्धा आतून एसएफटीपीच वापरतं, त्यामुळे हा आकडा आता एससीपीवाल्यांनाही भेटतो.

स्वागताची ओळ काढली. आरसिंक परत चालवलं. आता एरर बदलला, कनेक्शन अनएक्सपेक्टेडली क्लोज्ड, शून्य बाइट मिळाले. इथे बरेच जण म्हणतात की छे, काही उपयोग झाला नाही, आणि काढलेली ओळ परत टाकतात. पण एरर बदलला म्हणजे एक थर निघाला, खाली दुसरा आहे. दुसरा थर म्हणजे ती एक्झेकवाली ओळ. एक्झेकचा अर्थ असा की शेल स्वतःची जागा त्या प्रोग्रामला देऊन टाकते, परत येत नाही. आरसिंकने उघडलेल्या शेलसमोर टर्मिनल नाही, टीमक्सने बघितलं, इथे टर्मिनलच नाही, मी उघडू कुठे, आणि बंद झालं. शेल तर आधीच गेलेली. पलीकडचं आरसिंक चालू करायला कोणी उरलंच नाही.

आता कोणी विचारेल, आणि त्यानेही विचारलं, की बॅशआरसी तर माणूस बसतो त्या शेलसाठी असते ना, प्रोग्रामने उघडलेल्या शेलने ती वाचायचीच कशाला? प्रश्न बिनतोड आहे. बॅशचे नियम ढोबळपणे असे की लॉगिन शेल असेल तर आधी ईटीसीमधली प्रोफाइल वाचायची आणि मग घरातली बॅश प्रोफाइल, बॅश लॉगिन आणि प्रोफाइल या तीन फाइलपैकी जी पहिली सापडेल ती एकच. लॉगिन नसलेली पण इंटरॅक्टिव्ह असेल तर बॅशआरसी. आणि स्क्रिप्ट चालवायला उघडलेली असेल तर यातलं काहीच नाही. पण एक अपवाद आहे. बॅशला जर वाटलं की आपल्याला नेटवर्कवरून आरएसएचडी किंवा एसएसएचडीने (बाहेरून आलेल्यांना आत घेणारे सर्व्हरवरचे प्रोग्राम) कमांड चालवायला उघडलंय, तर ती इंटरॅक्टिव्ह नसतानाही बॅशआरसी वाचते. ही एसएसएचच्या आधीच्या आरएसएचच्या काळातली सोय आहे, रिमोट कमांडलाही पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) वगैरे मिळावा म्हणून. आता आरएसएच कोणी वापरत नाही पण सोय राहिली, आणि डेबियन, उबुंटूवर एसएसएचसाठी ती चालूच असते. म्हणूनच उबुंटूच्या तयार बॅशआरसीमध्ये अगदी वरती एक छोटा तुकडा असतो जो डॉलर हायफन हे व्हेरिएबल (शेलचे चालू असलेले पर्याय) बघतो, त्यात इंटरॅक्टिव्हचा छोटा आय नसेल तर तिथूनच परत फिरतो. दारावर कोण आलंय ते आधी बघून घेणारा तो तुकडा आहे. त्या मुलाने आपल्या ओळी त्याच्या खाली टाकल्या असत्या तर बॅकअप चालू राहिला असता. पण त्याच्या फाइलमध्ये खाली नोडची आणि पायथनची बरीच जड सामग्री होती, टीमक्स उशिरा यायचं, म्हणून सगळ्यात वर टाकलं. प्रत्येक पायरीला कारण होतं आणि प्रत्येक कारण ठीकच होतं.

आरसिंकच्या मॅन्युअलमध्ये यासाठी एक साधी परीक्षा दिली आहे, ती मला इतकी आवडते की नवीन सर्व्हर हातात आला की मी सगळ्यात आधी तीच घेते. एसएसएचने त्या मशीनवर ट्रू ही कमांड चालवायची, जी काहीच करत नाही, आणि जे काही आउटपुट येईल ते एका फाइलमध्ये वळवायचं. मग फाइलचा आकार बघायचा. शून्य पाहिजे. एक बाइट जरी असला तरी शेल स्वच्छ नाही.

पण ही परीक्षा फक्त छापणाऱ्या ओळी पकडते. कोण कधी कुठली फाइल वाचतंय हे कळायला मी दुसरी एक गोष्ट करते, आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे असं म्हटलं तरी चालेल. बॅशआरसी, प्रोफाइल, बॅश प्रोफाइल, ज्या ज्या फाइल असतील त्या प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत मी एक नोंद टाकते, जी स्क्रीनवर काहीच छापत नाही, फक्त घरातल्या एका लॉग फाइलच्या शेवटी एक ओळ जोडते. तारीख आणि वेळ, कुठल्या फाइलमधून, डॉलर हायफनची किंमत, आपला टीटीवाय (समोरचं टर्मिनल) कुठला, आणि आई-प्रोसेसचं, म्हणजे ही शेल उघडणाऱ्या प्रोग्रामचं नाव, जे पीएस कमांडला डॉलर पीपीआयडी देऊन मिळतं. बस. मग एक दिवस नेहमीसारखं काम करायचं आणि संध्याकाळी लॉग वाचायचा.

तो लॉग वाचताना पहिल्यांदा कळतं की आपल्या शेलला दिवसभरात किती जण उघडतात. आई एसएसएचडी आणि टीटीवाय नाही, तो बॅकअप. आई लॉगिन आणि टीटीवाय 1, ते कन्सोल. आई नोम टर्मिनल, ते आपण. आई टीमक्स सर्व्हर, ती टीमक्सच्या आतली विंडो. आणि मग अशा काही ओळी, ज्यांची आपल्याला कल्पनाच नसते, जसं की आई कोड एडिटर, डॉलर हायफनमध्ये आय आहे, पण टीटीवाय मात्र नाही.

ही शेवटची जात सगळ्यात फसवी, तिच्याबद्दल जरा थांबून सांगते. व्हीएस कोड मेनूमधून उघडलं की त्याला तुमचा पाथ वगैरे माहीत नसतो, मग ते गुपचूप तुमची शेल उघडतं, लॉगिन आणि इंटरॅक्टिव्ह असे दोन्ही पर्याय देऊन, आणि तिच्याकडून सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल विचारून घेतं. म्हणजे वर सांगितलेला आयवाला पहारा इथे पास होतो, कारण आय खरंच आहे. समोर स्क्रीन मात्र नाही. मग टीमक्स किंवा फिश ही दुसरी शेल किंवा जे काही तुम्ही लावलंय ते सुरू व्हायला बघतं, एडिटर वाट बघत बसतो, आणि काही सेकंदांनी सांगतो की तुमचं शेल एन्व्हायर्नमेंट वेळेत मिळालं नाही, शेलचं कॉन्फिगरेशन तपासा. आणि हेच एडिटर टर्मिनलमधून उघडलं तर काहीच होत नाही, कारण तेव्हा त्याला एन्व्हायर्नमेंट आयतं मिळालेलं असतं. कधी होतं, कधी होत नाही अशा बिघाडांवर लोक आठवडे घालवतात, लॉगमध्ये तो एका ओळीत दिसतो. उपाय असा की आयबरोबरच स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट खरोखर टर्मिनलला जोडलेले आहेत का हेही बघायचं, टेस्ट कमांडचा हायफन टी त्यासाठीच आहे. इंटरॅक्टिव्ह असणं आणि समोर टर्मिनल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही विचाराव्या लागतात.

टीमक्सच्या आत परत टीमक्स हा प्रकार तर सगळ्यांना माहीतच असेल. टीमक्स आपल्या प्रत्येक नवीन विंडोत डिफॉल्टने लॉगिन शेल उघडतं, ती शेल प्रोफाइल वाचते, प्रोफाइल बॅशआरसीला बोलावते, तिथे परत टीमक्सची ओळ. टीमक्स आतल्या आत सुरू व्हायला नकार देतं, सेशन्स शुड बी नेस्टेड विथ केअर असं सांगून बंद होतं. ओळ एक्झेकची असेल तर शेलही गेली, शेल गेली म्हणून विंडो गेली, एकच विंडो होती म्हणून सेशन गेलं, आणि बाहेरून बघणाऱ्याला नुसतं एक्झिटेड दिसतं, तेही क्षणभर. म्हणून टीमक्स याच नावाचं व्हेरिएबल रिकामं आहे ना हे बघायचं, स्क्रीन वापरत असाल तर एसटीवाय. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखं आहे ते बाहेर अडकून पडण्याबद्दल. कारण बाकीच्या भानगडीत काम खोळंबतं, पण यात मशीनच हातातून जातं. एक ओळखीचे गृहस्थ आहेत, अभ्यासू माणूस, त्यांनी लॅपटॉपवर किटी नावाचं नवीन टर्मिनल टाकलं. सर्व्हरवर काहीही बदललेलं नाही, तरी सर्व्हरवर गेलं की पासवर्ड घेतो आणि लगेच बाहेर फेकतो. त्यांनी पासवर्ड बदलला, एसएसएचच्या कीज बदलल्या, फायरवॉल बघितला. होतं एवढंच की नवीन टर्मिनल आपली ओळख एक्सटर्म किटी अशी सांगतं, सर्व्हरच्या टर्मइन्फोमध्ये, म्हणजे टर्मिनलांच्या माहितीच्या साठ्यात, ते नावच नव्हतं, टीमक्स म्हणालं मिसिंग ऑर अनसूटेबल टर्मिनल, आणि एक्झेकमुळे शेल परत यायचा प्रश्नच नाही. मी त्यांना सांगितलं की जाताना टर्म हे व्हेरिएबल एक्सटर्म 256 कलर असं ठेवून एसएसएच करा. गेले आत.

म्हणून माझं मत ठाम आहे, स्टार्टअप फाइलमध्ये एक्झेक लिहू नये. टीमक्स बंद केल्यावर परत एकदा एक्झिट म्हणावं लागतं म्हणून लोक एक्झेक लावतात. तेवढंच हवं असेल तर टीमक्स यशस्वीपणे बंद झालं तरच एक्झिट, असं लिहिता येतं, दोन अँडने जोडून. टीमक्स सुरूच झालं नाही तर शेल जागेवर असते आणि आपण आत असतो. आणि टीमक्स न्यू सेशनला कॅपिटल ए हा पर्याय दिला की त्या नावाचं सेशन असेल तर जोडतं, नसेल तर नवीन करतं, त्यामुळे प्रत्येक लॉगिनला एक नवीन सेशन असा ढीगही साचत नाही. मी अजून एक पळवाट ठेवते, घरात एका ठराविक नावाची रिकामी फाइल असेल तर टीमक्स सुरूच करायचं नाही. वरचा पहारा लावलेला असेल तर ती फाइल एसएफटीपीनेसुद्धा टाकता येते, म्हणजे शेल नीट मिळत नसतानाही. आणि या फाइलमध्ये बदल करताना आधीचं सेशन बंद करायचं नाही, दुसऱ्या विंडोतून नव्याने लॉगिन करून बघायचं, ते जमलं की मगच पहिलं सोडायचं. ही सवय मी ज्यांना ज्यांना शिकवते त्यांना सगळ्यात आधी लावते.

प्रोफाइलमध्ये काही सुरू करणं तर त्याहून धोक्याचं, कारण उबुंटूसारख्या सिस्टिमवर ग्राफिकल लॉगिनसुद्धा प्रोफाइल वाचतं. तिथे एक्झेक असेल तर डेस्कटॉप येतच नाही, परत लॉगिन स्क्रीन. माणूस कंट्रोल ऑल्ट एफ 3 दाबून कन्सोलवर जातो तर तिथेही लॉगिन शेल, तीच प्रोफाइल, तोच फेरा. मग रिकव्हरी मोडमधून रूट म्हणून जायचं, रूटचं घर वेगळं, त्याची प्रोफाइल वेगळी, तिथून ती फाइल दुसऱ्या नावाने बाजूला करायची. पुसायची नाही, त्यात बाकीचंही काही कामाचं असतं. मॅकवाल्यांची अजून एक वेगळी तऱ्हा, मॅकचं टर्मिनल प्रत्येक विंडोत लॉगिन शेल उघडतं, म्हणून त्यांना सगळं बॅश प्रोफाइलमध्ये टाकायची सवय असते. 2019 च्या कॅटालिनापासून मॅकवर डिफॉल्ट झीशेल आली पण सवय राहिली. तीच सवय घेऊन उबुंटूवर नवीन बॅश प्रोफाइल बनवली की जुनी प्रोफाइल वाचणं बंद, कारण तिघींपैकी पहिली एकच. मग पाथमधून काही प्रोग्राम गायब होतात आणि परत दोष भलत्याचाच निघतो.

आता निफाडची गोष्ट. माझ्या चुलतभावाचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, सीझनमध्ये तिथे उसंत नसते. वजनकाट्याला त्याने रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर जोडलाय, काटा सिरियल केबलवरून सारखा वजन पाठवत राहतो, पायथनचा एक छोटा प्रोग्राम ते वाचून स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवतो आणि नोंद करतो. लाइट आली की पाय आपोआप लॉगिन होतो आणि बॅशआरसीमधली ओळ प्रोग्राम सुरू करते. आपल्या इथे असं करणारे खूप आहेत, छोट्या धंद्यात थोडक्या खर्चात मोठ्या मशीनचं काम निघतं आणि मला त्याचं कौतुकच आहे. त्याची तक्रार होती की काटा मधेच वेड्यासारखं करतो. पाच किलोची पेटी आणि स्क्रीनवर कधी पॉइंटच्या पुढचेच आकडे, कधी नुसता पाच. काटा दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता, केबल बदलली होती.

मी विचारलं, "हे होतं तेव्हा तू काय करत असतोस?" म्हणाला, "काही नाही गं ताई, ऑफिसातून लॅपटॉपवरनं बघत असतो नोंदी बरोबर होताहेत का." म्हणजे एसएसएच. म्हणजे अजून एक शेल. म्हणजे परत बॅशआरसी, आणि प्रोग्रामची दुसरी प्रत. लिनक्समध्ये दोन प्रोग्रामनी एकच सिरियल पोर्ट वाचायला घेतला तर दोघांना पूर्ण प्रत मिळत नाही, आलेले बाइट त्यांच्यात वाटले जातात, जो आधी वाचेल त्याचे. 5.120 मधला 5 आणि टिंब एकाकडे, 120 दुसऱ्याकडे. काटा बरोबर होता, केबल बरोबर होती. तपासायला जाण्यानेच बिघाड होत होता, आणि तपासणारा निघून गेला की सगळं ठीक. पीएसने प्रोसेसची यादी काढली तर एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती, एकीची आई लॉगिन खालची बॅश, दुसरीची एसएसएचडी खालची बॅश. ते त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या यादीकडे बघत होता, मग म्हणाला, "म्हणजे काट्यावाल्याला उगाच बोललो मी."

इथे टीटीवाय बघून पहारा लावता आला असता, टीटीवाय 1 असेल तरच सुरू कर, असा. पण मला ते पुरेसं वाटलं नाही. काटा वाचणं हे काम मुळात कोणाच्या लॉगिनवर अवलंबून असायलाच नको. शेलची फाइल माणसाच्या सोयीसाठी असते, रंग, पाथ, छोटी नावं, प्रॉम्प्ट. मशीनने सतत करायचं काम सिस्टिमडीकडे (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) द्यावं, तसं सांगून ठेवलं की लाइट आल्यावर ते सुरू करतं, प्रोग्राम पडला तर परत उभा करतं, आणि एका सर्व्हिसची एकच प्रत चालवतं. तसंच टीमक्सचं. ते माणसासाठीच आहे, मान्य, पण माझ्या मते त्याचीही खरी जागा बॅशआरसी नाही. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये विंडो उघडल्यावर कुठली कमांड चालवायची ते देता येतं, आणि एसएसएचसाठी आपल्या बाजूच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरला एक वेगळं टोपणनाव देऊन रिमोट कमांड म्हणून टीमक्स लिहिता येतं, टीटीवाय मागायला सांगून. बसायचं असेल तेव्हा ते टोपणनाव, फाइल पाठवायच्या असतील तेव्हा साधं नाव. टोपणनाव वेगळं ठेवणं गरजेचं, नाहीतर आरसिंक तिथेही अडकतं. म्हणजे ज्याला स्क्रीन हवी आहे तोच ती मागतो, आणि शेलला कोण आलंय याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

भावाने लगेच पुढचं विचारलं, "सर्व्हिस केली तर मग स्क्रीनवर मोठे आकडे कसे दिसणार? बायकांना पेटी भरताना ते समोर लागतात." अगदी रास्त. म्हणून दोन भाग केले. सर्व्हिस काटा वाचते आणि ताजं वजन एका फाइलमध्ये ठेवते, पोर्टला दुसरं कोणी हात लावत नाही. आणि स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम वेगळा, तो फक्त ती फाइल वाचून दाखवतो, तो बॅश प्रोफाइलमधून सुरू होतो, टीटीवाय 1 असेल तरच, एक्झेकशिवाय, आणि बॅश प्रोफाइल नवीन बनवली म्हणून शेवटी त्यात बॅशआरसीला बोलावणारी ओळही टाकली. त्याच्या दोन काय पाच प्रती चालल्या तरी वजनाला काही होत नाही. आता तो ऑफिसातून लॉगिन करतो तर त्याला सरळ प्रॉम्प्ट मिळतो, नोंदी बघतो, बाहेर येतो. मागच्या आठवड्यात त्याचा परत फोन आला, दुसऱ्या काट्यालाही असंच करायचं होतं, आणि दोन काट्यांना यूएसबीची नावं दर वेळी उलटसुलट मिळतात त्याचं काय करायचं ते विचारत होता. त्यासाठी यूडेव्हचे नियम, म्हणजे कुठल्या उपकरणाला कुठलं नाव द्यायचं ते लिनक्सला सांगणारे, लिहिता येतात.